कानाला यंत्र मिळाले, पण शिक्षकाचे काय?

मूल ऐकत नाही हे लक्षात आले की घरात धावपळ सुरू होते. दादी म्हणते, मुलगे उशिराच बोलतात. नानी दम करून आणायला सांगते. मामू अकोल्याच्या एखाद्या डॉक्टरचे नाव सुचवतात. मग तपासणी, दिव्यांग प्रमाणपत्र, श्रवणयंत्र. यात वर्ष-दोन वर्षे सहज निघून जातात. यंत्र कानाला लागले की घराला हायसे वाटते आणि मूल जवळच्या शाळेत दाखल होते. एक प्रश्न मात्र बहुतेक घरांत विचारला जात नाही. या मुलाला शिकवणार कोण, आणि अशा मुलाला कसे शिकवायचे हे त्या शिक्षकाला कुणी शिकवले आहे का?

वाशिम जिल्ह्यातल्या आपल्या घरांसाठी हा प्रश्न महत्त्वाचा आहे. वाशिम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा असे सहा तालुके. १९९८ साली अकोल्यातून वेगळा झालेला हा जिल्हा २०१८ मध्ये केंद्र सरकारच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आला. मोठी शहरे दूर आहेत, म्हणून इथे जे मिळवायचे ते माहिती घेऊन आणि मागणी करूनच मिळवावे लागते.

यंत्र म्हणजे चष्मा नव्हे

चष्मा लावला की अक्षर स्पष्ट दिसते. श्रवणयंत्राचे तसे नाही. यंत्र आवाज मोठा करते, शब्द समजावून देत नाही. शिवाय शिक्षकाच्या आवाजाबरोबर ते पंख्याची घरघर, बाकांचा खडखडाट आणि पावसाळ्यात पत्र्यावर पडणारे पाणीही मोठे करते. बोलणारी व्यक्ती तीन-चार हातांपेक्षा लांब गेली की यंत्राचा उपयोग झपाट्याने कमी होतो. जन्मापासून कधी नीट न ऐकलेल्या मुलाला तर तो आवाज म्हणजे काय, हेही शिकवावे लागते.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात दोन गट सांगितले आहेत. दोन्ही कानांत ७० डेसिबल किंवा अधिक श्रवणदोष असेल तर ती व्यक्ती कर्णबधिर. ६० ते ७० डेसिबल असेल तर कमी ऐकू येणारी. आपण घरात साधारण बोलतो तो आवाज ६० डेसिबलच्या आसपास असतो. म्हणजे दुसऱ्या गटातल्या मुलालाही यंत्राशिवाय आपले रोजचे बोलणे जेमतेम कानावर येते.

अशा मुलाला लोक सरसकट 'गूंगा-बहरा' म्हणून मोकळे होतात. खरे तर यातल्या बहुतेक मुलांचा गळा आणि जीभ ठणठणीत असते. भाषा कानावर पडली नाही म्हणून ती तोंडात आली नाही, एवढेच. ही भाषा कानाने, डोळ्याने किंवा हाताने, कशीही पोचवता येते. पण लहानपणीच पोचवावी लागते. म्हणूनच जगभरचे तज्ज्ञ १-३-६ चा नियम सांगतात. पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत उपचार आणि शिकवणे सुरू. आपल्याकडे पुष्कळदा निदानच तीन-चार वर्षांनी होते. तेव्हा पुढची भरपाई कुणी करायची? अम्मीने आणि शिक्षकाने.

'शहाणा मुलगा' आणि रिकामी पाटी

जिल्हा परिषदेची एखादी शाळा डोळ्यांसमोर आणा, उर्दू असो वा मराठी. तिसरीचा वर्ग. शेवटच्या बाकावर एक मूल शांत बसले आहे. दंगा नाही, तक्रार नाही. फळ्यावरचे सारे वहीत उतरवून घेते, अक्षरही सुंदर. शिक्षक म्हणतात, 'बडा शरीफ बच्चा है.' समजले का विचारले की मान डोलावते. असे करत ते पुढच्या पुढच्या वर्गात जाते. मग एक दिवस अब्बांच्या लक्षात येते की सहावीतल्या मुलाला दुकानाची पाटी वाचता येत नाही. इतकी वर्षे त्याने अक्षरांची नक्कल केली होती, वाचायला कुणी शिकवलेच नव्हते.

यात शिक्षकाला दोष देऊन भागणार नाही. नेहमीच्या डी.एड. किंवा बी.एड.मध्ये विशेष गरजा असलेल्या मुलांची ओळख करून देतात, पण कर्णबधिर मुलाला भाषा कशी द्यायची हे त्यातून हाती येत नाही. त्याचे वेगळे शिक्षण आहे.

एक साधी गोष्ट घ्या. बऱ्याच जणांना वाटते, मूल ओठ वाचेल. आरशासमोर उभे राहून आवाज न काढता 'पाय', 'बाय', 'माय' म्हणून बघा. ओठ तिन्ही वेळा सारखेच हलतात. क, ग, ह यांसारखे आवाज तर तोंडाच्या आत तयार होतात, बाहेरून दिसतच नाहीत. ओठवाचनाची मदत होते, पण त्यावर सारा अभ्यास उभा राहत नाही. हे ज्या शिक्षकाला माहीत आहे तो नवा शब्द आधी फळ्यावर लिहितो, वस्तू किंवा चित्र दाखवतो, मग बोलतो.

शिकलेला शिक्षक काय वेगळे करतो?

यातल्या काही गोष्टी कोणताही शिक्षक एका दिवसात उचलू शकेल. तुम्ही शाळेत गेलात तर सांगाही.

मुलाला दुसऱ्या ओळीत, जिथून शिक्षकाचा चेहरा आणि वर्गमित्रांचे चेहरेही दिसतील तिथे बसवावे. शिक्षकाने खिडकीकडे पाठ करून उभे राहू नये, कारण चेहरा अंधारात जातो. फळ्याकडे तोंड करून बोलू नये. ओरडू नये, कारण ओरडल्याने ओठांचा आकार बिघडतो आणि यंत्रात आवाज फाटतो. करोनाच्या काळात मास्कमुळे आपलेच किती गैरसमज होत होते ते आठवा. या मुलासाठी झाकलेले तोंड नेहमीच तशी अडचण असते. म्हणून नकाब घेणाऱ्या शिक्षिकांनी लहान मुलांच्या किंवा मुलींच्या वर्गात चेहरा मोकळा ठेवता येतो का ते पाहावे. पुरुष शिक्षकांनी ओठांवर येणारी मिशी कातरावी. 'समजले का?' असे न विचारता 'काय समजले ते सांग, दाखव, काढ' असे विचारावे.

आणखी एक गोष्ट पाच मिनिटांत शिकता येते. कॅनडातले श्रवणतज्ज्ञ डॅनियल लिंग यांनी सहा आवाजांची चाचणी रूढ केली: आ, ऊ, ई, श, स, म. या सहांत बोलण्यातले खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंतचे आवाज येतात. रोज सकाळी यंत्र लावल्यावर मुलाच्या पाठीमागे उभे राहून हे आवाज एकेक करून साध्या आवाजात काढायचे. ऐकू आला की मूल टाळी वाजवते किंवा तोच आवाज काढते. एरवी ऐकू येणारा आवाज आज आला नाही तर बॅटरी संपली असेल, साच्यात मळ अडकला असेल किंवा कान वाहत असेल. ही तपासणी घरी अम्मी करू शकते, शाळेत बाई करू शकतात. ती होत नसेल तर बंद पडलेले यंत्र कानात घालून मूल कित्येक दिवस वर्गात बसते.

हे शिक्षक तयार होतात कुठे?

या शिक्षणाच्या मुख्य संस्थेचे नाव आपल्या वाचकांना ओळखीचे वाटेल. मुंबईत वांद्रे इथे १९८३ साली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था सुरू झाली. हैदराबादचे नवाब अली यावर जंग उस्मानिया आणि अलिगढ या दोन्ही विद्यापीठांचे कुलगुरू होते. पुढे ते महाराष्ट्राचे राज्यपाल झाले आणि १९७६ मध्ये त्या पदावर असतानाच वारले. त्यांच्या नावाच्या या संस्थेत कर्णबधिरांचे शिक्षक, श्रवणतज्ज्ञ आणि सांकेतिक भाषेचे दुभाषे तयार होतात.

या शिक्षकांसाठी दोन मुख्य अभ्यासक्रम आहेत. बारावीनंतर दोन वर्षांची विशेष शिक्षणाची पदविका, म्हणजे श्रवणदोष विषयातले डी.एड., आणि पदवीनंतर विशेष बी.एड. दोन्हींना भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता लागते. १९९२ च्या कायद्याने या परिषदेला तो अधिकार दिला आहे. शिक्षण पूर्ण झाल्यावर शिक्षकाला परिषदेचा नोंदणी क्रमांक मिळतो. तेव्हा विशेष शाळेत मूल घालताना हा क्रमांक विचारायला संकोच करू नका. तो तुमचा हक्क आहे.

एक जुना वाद इथे समजून घेतला पाहिजे. १८८० साली इटलीतल्या मिलान शहरात कर्णबधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली. तिथे जमलेले जवळजवळ सगळे ऐकू येणारे होते. त्यांनी ठराव केला की शाळेत खुणांची भाषा नको, फक्त बोलणे शिकवा. तो विचार जगभर पसरला. भारतातल्या शाळाही त्याच वाटेने गेल्या. कित्येक ठिकाणी खुणा केल्या म्हणून मुलांच्या हातावर मार बसला. २०१० मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या परिषदेने तो ठराव नाकारून खेद व्यक्त केला. तरी 'खुणा शिकला तर बोलणार नाही' ही भीती आपल्या घरांत अजून आहे. ती धरून बसू नका. मुलाला एक भाषा वेळेवर आणि पूर्ण मिळाली की दुसरी शिकायला तिचा आधारच होतो. भाषाच मिळाली नाही तर मात्र नुकसान भरून येणे फार कठीण.

भारतीय सांकेतिक भाषा म्हणजे हातवारे नव्हेत. तिला स्वतःचे व्याकरण आहे. तिच्यासाठी २०१५ साली दिल्लीत संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले. विशेष म्हणजे तिथे कर्णबधिर तरुणांना ही भाषा शिकवणारे शिक्षक बनवण्याची पदविका आहे. आपल्या मुलाने मोठेपणी कमावणारा, शिकवणारा, संसार करणारा बहिरा माणूस पाहिलाच नाही, तर त्याने स्वप्न तरी कसले पाहायचे?

आज हाताशी काय आहे?

वाशिमहून मुंबई-दिल्ली प्रत्येकाला परवडत नाही. पण काही साधने मोबाइलवर किंवा टीव्हीवर विनामूल्य मिळतात.

• दिल्लीच्या केंद्राचा सांकेतिक भाषेचा शब्दकोश. २०१८ मध्ये तीन हजार शब्दांनी सुरू झालेला हा कोश २०२१ मध्ये दहा हजारांवर गेला. प्रत्येक शब्दाची चित्रफीत यूट्यूबवर पाहता येते. याच कोशावर आधारलेले 'साइन लर्न' हे अ‍ॅप २०२२ पासून आहे.

• त्याच केंद्राचा घरबसल्या शिकायचा प्राथमिक वर्ग, २०२३ पासून. पालक, भावंडे आणि शिक्षक यांच्यासाठी तो मुद्दाम तयार केला आहे.

• एनसीईआरटीची पाठ्यपुस्तके सांकेतिक भाषेत आणण्याचा करार २०२० मध्ये झाला. त्या चित्रफिती 'दीक्षा'वर येत असतात. डिसेंबर २०२४ पासून पीएम ई-विद्याची ३१ क्रमांकाची वाहिनी सांकेतिक भाषेसाठी आहे.

• 'प्रशस्त' हे शिक्षकांसाठीचे अ‍ॅप. वर्गातल्या मुलात दिव्यांगत्वाची लक्षणे आहेत का हे त्यातल्या प्रश्नावलीवरून शिक्षकाला पडताळता येते. ते निदान नव्हे, पण तपासणीला पाठवायला पुरेसे आहे.

• राष्ट्रीय मुक्त विद्यालयाने भारतीय सांकेतिक भाषा हा विषयच २०२१ मध्ये सुरू केला.

भाषेची एक अडचण आपल्या घरांना जास्त जाणवते. आपल्या मुलाच्या घरी बोलतात दखनी-वऱ्हाडी मिसळलेली उर्दू, गल्लीत मराठी, शाळा उर्दू किंवा मराठी, पुस्तकात आणखी वेगळी भाषा. ऐकणारे मूल या चारही भाषा खेळता खेळता उचलते. कर्णबधिर मुलाला एकेक शब्द कमवावा लागतो. म्हणून सुरुवातीला एक सांकेतिक भाषा आणि एक लिखित भाषा ठरवून घ्या आणि घर, शाळा, उपचार करणारे अशा सर्वांनी तीच धरा. आपल्या राज्यात या मुलांच्या शिक्षणाची सोय मुख्यतः मराठीत आहे. तेव्हा लिखित मराठी आधी पक्की करणे पुष्कळांना सोयीचे ठरेल. उर्दू नंतर येऊ शकते. यात मातृभाषेचा अपमान नाही.

मक्तबातली जागा

आपल्या मुलांचा आणखी एक शिक्षक असतो, मशिदीतल्या मक्तबाचा. तिथले सारे शिक्षण कानाने चालते. हाफिजजी म्हणतात, मुले मागून म्हणतात. बहिरे मूल काही दिवस येते, मग घरी बसते. 'त्याच्यावर फर्जच नाही' असे म्हणून आपण विषय संपवतो. इतके सोपे आहे का ते?

आपल्या फिकहने खुणेला बोलण्याचा दर्जा केव्हाच दिला आहे. उस्मानी सल्तनतीत १८६९ ते १८७६ दरम्यान 'मजल्ला' ही दिवाणी कायद्याची संहिता तयार झाली. तिच्या सत्तराव्या कलमाचा आशय असा, की न बोलणाऱ्याची ठरलेली खूण म्हणजे त्याने तोंडाने सांगितल्यासारखीच. त्याच सुलतानांच्या दरबारात त्याआधी शतकानुशतके कर्णबधिर सेवक होते आणि त्यांच्या खुणांची भाषा महालातले इतर लोकही शिकत. ज्याची खूण व्यवहारात ग्राह्य धरली जाते, त्याच्या खुणेला शिक्षणात जागा का नसावी?

अशी जागा करून देणारे आज आहेतही. इंडोनेशियात योग्याकार्ताजवळ २०१९ पासून कर्णबधिर मुलांचा मदरसा चालतो. तिथली मुले हातांच्या खुणांनी कुरआन पाठ करतात. आपल्या देशात केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात पुलिक्कल इथल्या एका मशिदीत जुम्म्याचा खुत्बा सांकेतिक भाषेत समजावला जातो. आपल्या गावात एवढे लगेच होणार नाही. पण हाफिजजींना त्या मुलाला समोर बसवता येईल. वजू आणि नमाजच्या पायऱ्या चित्रांनी दाखवता येतील. मशिदीच्या कमिटीला एखादा शिक्षक बोलावून दोन तासांची ओळख करून घेता येईल. पैसे थोडे लागतील, इच्छा जास्त लागेल.

आता करायचे काय?

तान्ह्या मुलाची शंका आली तर थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येते. त्यांना सांगा किंवा सरळ जिल्हा रुग्णालय गाठा. जन्मतः बहिऱ्या मुलाच्या कॉक्लिअर इम्प्लांटसाठी केंद्राच्या योजनेत वयाची अट पाच वर्षांची आहे, आणि शस्त्रक्रियेनंतर बोलणे शिकवण्याचे दीर्घ काम असतेच. एका मुलाला दोष आढळला तर त्याच्या भावंडांचीही तपासणी करून घ्या. जवळच्या नात्यातल्या लग्नांत आनुवंशिक बहिरेपणाची शक्यता वाढते. सुनेला बोल लावण्याची ही गोष्ट नाही, तपासणी लवकर करण्याची आहे.

दिव्यांगत्व ४० टक्के किंवा अधिक असेल तर ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षण हा २०१६ च्या कायद्याने दिलेला हक्क आहे. घराजवळची शाळा की विशेष शाळा, ही निवड तुमची. त्याच कायद्याने सांकेतिक भाषा जाणणारे शिक्षक तयार करणे आणि नेमणे हे सरकारचे काम ठरवले आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये नेहमीच्या शाळांतही विशेष शिक्षक नेमण्याचा आदेश दिला. त्यानंतर ठरलेले प्रमाण प्राथमिक स्तरावर अशा दहा मुलांमागे एक आणि त्यापुढे पंधरा मुलांमागे एक असे आहे.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्या बैठकीला जा. तीन गोष्टी लेखी मागा: आमच्या शाळेत विशेष शिक्षक कोणत्या दिवशी येणार, आमच्या वर्गशिक्षकांना या विषयाचे प्रशिक्षण केव्हा मिळणार, आणि दीक्षावरच्या सांकेतिक चित्रफिती वर्गातल्या टीव्हीवर दाखवणार का. अर्जाची एक प्रत तालुक्याच्या गट साधन केंद्राला, एक वाशिमच्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेला द्या आणि पोच घ्या. तोंडी मागणी विसरली जाते, पोच घेतलेला अर्ज राहतो. दहावीला भाषा विषयांतल्या सवलती आणि वाढीव वेळ हवा असेल तर तो अर्जही शाळेमार्फत वेळेवर जाऊ द्या.

शेवटची गोष्ट आपल्या मुलींसाठी. कारंजा, मंगरूळपीर, रिसोडच्या किती तरी घरांत बारावी झालेल्या मुली डी.एड.चा विचार करत आहेत. त्यातल्या एखादीने श्रवणदोषाचे विशेष डी.एड. करावे. प्रवेश घेण्याआधी ते महाविद्यालय त्या वर्षी पुनर्वास परिषदेच्या मान्य यादीत आहे का, एवढे पाहून घ्यावे. मराठी, उर्दू आणि खुणा अशा तिन्ही भाषा जाणणारी एक शिक्षिका तालुक्याला मिळाली, तर शेवटच्या बाकावर मान डोलावत बसलेल्या किती तरी मुलांचे वाचन सुरू होईल, इन्शाअल्लाह. तोवर घरातल्या सगळ्यांनी रोज पाच खुणा शिकायला कुणाच्या परवानगीची गरज नाही.